किरुनाचं लोखंड आलं कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनच्या उत्तर टोकाला, उत्तरध्रुवीय वृत्ताच्याही पलीकडे किरुना नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारच्या डोंगरात जवळजवळ निव्वळ मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचा एक प्रचंड पत्रा तिरका रोवल्यासारखा उभा आहे. तो तिथे कसा आला, यावर भूवैज्ञानिक शंभराहून अधिक वर्षं भांडताहेत. याविषयी विचारले जाणारे बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकेकटी वाचली तरी चालतील. जिथे गुंता आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किरुनाचा साठा म्हणजे नेमकं काय आहे आणि केवढा आहे?

डोंगराचं नाव कीरुनावारा. तिथला धातुकाचा (ज्यातून धातू काढतात त्या दगडाचा) पट्टा सुमारे ४ किलोमीटर लांब आणि सरासरी ८० मीटर जाड आहे. तो पूर्वेकडे साधारण ६० अंशांनी कलत जमिनीखाली दीड-दोन किलोमीटरपर्यंत गेलेला आहे, आणि तिथेही संपल्याची खूण नाही. मूळ साठा दोन अब्ज टनांहून मोठा. धातुकात लोखंडाचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर असतं, म्हणजे खणून काढलेला दगड बहुतांशी मॅग्नेटाइटच असतो. सोबत ॲपाटाइट हे फॉस्फरसचं खनिज येतं, आणि थोडं ॲक्टिनोलाइट व कॅल्साइट.

पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ज्वालामुखीजन्य खडक आहेत. खालच्या बाजूला, खाणीच्या भाषेत फुटवॉलमध्ये, ट्रॅकिअँडेसाइट. वरच्या बाजूला, म्हणजे हँगिंग वॉलमध्ये, सिलिका (वाळूचा मुख्य घटक) जास्त असलेला रायोडेसाइट. दोन वेगळ्या खडकांच्या सांध्यावर धातुक बसलं आहे ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या वादात ती कामाला येते.

नावाविषयीही विचारणा होते. कीरुना म्हणजे टार्मिगन, हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा तितरासारखा पक्षी, आणि वारा म्हणजे डोंगर. समोरच्या लुओसावारा डोंगराच्या नावात सामी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला साल्मन मासा आहे.

२. मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट यांत फरक काय?

दोन्ही लोखंडाची ऑक्साइडंच. मॅग्नेटाइट काळं आणि चुंबकाला चिकटणारं असतं, शुद्ध असेल तर त्यात ७२.४ टक्के लोखंड. हेमॅटाइटमध्ये ऑक्सिजन थोडा जास्त, लोखंड ६९.९ टक्के, घासलं की लालसर रेघ उमटते आणि चुंबकाला ते फारशी दाद देत नाही. मॅग्नेटाइटचं हेमॅटाइट होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे विक्रीसाठी धातुकाच्या गोळ्या भाजताना इंधन कमी लागतं. किरुनाच्या मालाला भाव मिळण्यामागे हेही एक कारण आहे.

३. जगातलं बहुतेक लोखंड समुद्रात थरांनी साठलं असं शाळेत शिकलो. हेही तसलंच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ऑस्ट्रेलियातला हॅमर्सली भाग, अमेरिकेतला लेक सुपीरियरचा परिसर किंवा आपल्याकडचं बैलाडिला इथलं धातुक पट्टेदार लोहशिलांशी निगडित आहे. प्राचीन समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावून तळाशी बसलं, त्याचे सिलिकासोबत पातळ पट्टे झाले, आणि पुढे ठिकठिकाणी सिलिका निघून जाऊन समृद्ध धातुक उरलं. मोजमापात ते साठे किरुनापेक्षा कितीतरी मोठे आहेत.

किरुनामध्ये तसे पट्टे नाहीत, चर्टचे (सिलिकाच्या कठीण दगडाचे) थर नाहीत, आणि आजूबाजूचे खडक ज्वालामुखीचे आहेत. शिवाय ॲपाटाइट भरपूर. म्हणून अशा साठ्यांना 'किरुना प्रकारचे' किंवा लोहऑक्साइड-ॲपाटाइट साठे म्हणतात. हेही समुद्रतळावरच साठलं असं म्हणणारे गंभीर अभ्यासक मात्र होऊन गेले. त्यांच्याबद्दल प्रश्न १० मध्ये.

४. तिथे लोखंड आहे हे आधीपासून माहीत होतं, मग खाण इतकी उशिरा का सुरू झाली?

फॉस्फरसमुळे. पोलादात फॉस्फरस राहिला तर ते थंडीत ठिसूळ होतं, आणि जुन्या भट्ट्यांना तो काढता येत नसे. १८७८ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि पर्सी गिलख्रिस्ट या चुलतभावांनी भट्टीला चुनखडीजन्य अस्तर लावून फॉस्फरस मळीत (वितळलेल्या धातूवर साचणाऱ्या टाकाऊ थरात) ओढून घेण्याची युक्ती काढली. एका रात्रीत नव्हे, पण दहा-बारा वर्षांत उत्तर स्वीडनचा हा 'बिघडलेला' माल सोन्यासारखा झाला. एलकेएबी ही खाण कंपनी १८९० मध्ये स्थापन झाली. गावाची वसाहत १९०० च्या आसपास उभी राहिली. ती वसवणारा ह्यालमार लुंडबोम स्वतः भूवैज्ञानिक होता. नॉर्वेतल्या नार्विक बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेचं रीतसर उद्घाटन १९०३ मध्ये झालं. नार्विकच का, तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ते हिवाळ्यातही गोठत नाही.

गंमत म्हणजे त्या मळीचंही खत झालं. आज तोच फॉस्फरस आणि त्याच्या आसऱ्याला राहिलेली मूलद्रव्यं पुन्हा चर्चेत आहेत (प्रश्न १४).

५. वय किती आणि ते कसं काढलं?

सुमारे १८८ ते १८७ कोटी वर्षं. झिरकॉन या चिवट खनिजात युरेनियम अडकतं आणि ठराविक वेगाने त्याचं शिसं होत जातं. दोहोंचं प्रमाण मोजलं की वय मिळतं. किरुनात आजूबाजूच्या खडकांतले झिरकॉन मोजले गेले आणि खुद्द धातुकातलेही. धातुकातले १८७.७ ते १८७.४ कोटी वर्षांच्या आसपास भरले. म्हणजे ज्वालामुखी आणि लोखंड यांच्यात भूवैज्ञानिक हिशेबाने फारसं अंतर नाही. या आकड्यांत एक खोच आहे, ती शेवटच्या प्रश्नात.

६. हे वितळलेल्या शिलारसातून आलं असं म्हणतात, ते कशावरून?

या मताचा पहिला मोठा पुरस्कर्ता स्वीडिश भूवैज्ञानिक पेर गेयर. १९१० मध्ये त्याने कीरुनावाराचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने पाहिलेल्या गोष्टी आजही कोणी नाकारत नाही, वाद आहे तो त्यांच्या अर्थाचा.

धातुक आणि बाजूचा खडक यांची सीमा बहुतेक ठिकाणी सुरीने कापल्यासारखी आहे. धातुकाच्या शिरा खालच्या खडकात घुसलेल्या दिसतात. काही जागी तर खडकाचे टोकदार तुकडे मॅग्नेटाइटमध्ये असे तरंगत असल्यासारखे दिसतात की काहीतरी द्रव जोराने आत शिरला आणि भिंत फोडून तुकडे सोबत घेऊन थिजला, हेच आधी मनात येतं. शिवाय मॅग्नेटाइटचे लांबट, फांद्या फुटलेले स्फटिक मिळतात. असे स्फटिक द्रव झपाट्याने थंड झाल्यावर वाढतात. बर्फाळ रात्री खिडकीच्या काचेवर उमटणाऱ्या नक्षीसारखे.

माझं वैयक्तिक मत असं की या निरीक्षणांना बाजूला सारून कोणताही सिद्धांत उभा राहू शकत नाही. पण 'द्रव होता' एवढंच त्यांतून सिद्ध होतं. तो द्रव कसला होता, हा पुढचा प्रश्न.

७. मॅग्नेटाइट तर १६०० अंशांच्या आसपास वितळतं. एवढा तापलेला शिलारस पृथ्वीच्या कवचात असतोच कुठे?

नसतो. बेसाल्टचा लाव्हासुद्धा ११००-१२०० अंशांच्या घरात असतो. शिलारसवाल्यांना हा प्रश्न पहिल्या दिवसापासून छळतो आहे.

त्यांचं उत्तर दोन भागांत येतं. पहिला भाग: निव्वळ मॅग्नेटाइटचा रस कोणी मागतच नाही. त्यात पाणी, फॉस्फरस, फ्लोरिन मिसळले की वितळण्याचं तापमान बरंच खाली येतं, आणि ॲपाटाइटची हजेरी नेमकी तेच सुचवते. दुसरा भाग: तेल आणि पाणी ढवळून ठेवलं की पुन्हा वेगळं होतं, तसं काही परिस्थितीत एकाच शिलारसाचे दोन रस होतात, एक सिलिकाने भरलेला आणि दुसरा लोखंड-फॉस्फरसने. प्रयोगशाळेत अशी फारकत घडवून दाखवली आहे, आणि काही ज्वालामुखी खडकांतल्या स्फटिकांत अडकलेल्या सूक्ष्म थेंबांत ती पाहायलाही मिळाली आहे. पण सूक्ष्म थेंब आणि दोन अब्ज टन यांच्यातलं अंतर मोठं आहे. सगळे थेंब एकत्र येऊन एवढा पत्रा कसा तयार झाला, याचं पटणारं गणित मांडणं सोपं नाही.

८. बरं, रस वेगळा झाला म्हणू. पण लोखंड जड. ते खाली बसायचं सोडून वर कसं आलं?

मॅग्नेटाइटची घनता ५.२ च्या आसपास, शिलारसाची त्याच्या निम्मी. सरळ विचार केला तर ते तळाशीच जायला हवं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बुशवेल्डसारख्या थरांच्या अग्निज खडकांत ते खरंच थरांनी बसलेलं आढळतं. (तिथल्या मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम भरपूर असतं, किरुनाच्या मॅग्नेटाइटमध्ये फारच थोडं. प्रकार ओळखण्याची ही सोपी खूण.)

२०१५ मध्ये चिलीतल्या लोस कोलोरादोस साठ्याच्या अभ्यासातून एक वेगळीच कल्पना पुढे आली. शिलारस वर येताना दाब कमी होतो, त्यातलं पाणी बुडबुड्यांच्या रूपाने सुटतं. मॅग्नेटाइटच्या बारीक कणांना हे बुडबुडे चिकटतात आणि कणांना घेऊन वर सरकतात. खनिज स्वच्छ करणाऱ्या कारखान्यात फेसाने कण वर काढण्याची पद्धत वापरतात, तेच निसर्गात. वर जाताना त्या खारट, तापलेल्या पाण्यातून आणखी लोखंड कणांवर चढत जातं. तिथल्या मॅग्नेटाइटच्या कणांचा गाभा शिलारसात वाढल्यासारखा आणि कड पाण्यात वाढल्यासारखी, असं त्यांतल्या टायटॅनियम, व्हॅनेडियम, ॲल्युमिनियमच्या प्रमाणांवरून दिसलं.

मला ही कल्पना आवडते ती एका कारणासाठी: 'शिलारस की पाणी' हा प्रश्नच ती थोडा बाजूला सारते. किरुनाला ती जशीच्या तशी लागू करायला मात्र मी धजणार नाही. चिलीतले खडक क्रेटेशिअस काळातले, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या पर्वातले, आणि तुलनेने ताजे. किरुनाचे त्यानंतर दाबले, तापले, कलंडले गेलेले.

९. गरम पाण्याचा पक्ष धरणारे काय म्हणतात?

त्यांचं म्हणणं असं की शिलारसातून सुटलेलं किंवा त्याच्या उष्णतेने तापलेलं खारं पाणी खडकांतून फिरलं, त्याने क्लोराइडच्या रूपात लोखंड वाहून आणलं आणि मूळ खडकाची जागा घेत मॅग्नेटाइट बसवलं. पुरावा आजूबाजूच्या खडकांत आहे: त्यांतल्या फेल्डस्पार या खनिजात सोडियम शिरून त्याचं अल्बाइट झालेलं, सर्वत्र ॲक्टिनोलाइट, शिरांत पायराइट, आणि खोल भोकांत सापडलेलं ॲनहायड्राइट. हे सगळं खारट गरम पाणी फिरल्याशिवाय होत नाही. प्रश्न ७ मधली वितळण्याची अडचण तर इथे मुळातच उद्भवत नाही.

अडतं कुठे, तर प्रश्न ६ मधल्या सुरीसारख्या सीमांवर. खडकाची जागा हळूहळू घेतली जाते तेव्हा सीमा सहसा पुसट असते.

१०. समुद्रतळावर साठलं ही कल्पना मोडीत निघाली का?

जवळजवळ. १९७० च्या दशकात तिबोर पाराक या भूवैज्ञानिकाने ती जोरकसपणे मांडली: ज्वालामुखीच्या काळात समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतून लोखंड आणि फॉस्फरस बाहेर पडले आणि थराने बसले. धातुक दोन ज्वालामुखी थरांच्या मधोमध बसलेलं आहे हे त्याला थराचं लक्षण वाटलं. पण खालच्या खडकात घुसलेल्या धातुकाच्या शिरा त्या चित्रात बसत नाहीत. आज हे मत धरणारे थोडे. तरी पाराकने विचारलेले प्रश्न उपयोगी ठरले; त्याच्यामुळे गेयरच्या समर्थकांना आपले पुरावे पुन्हा तपासावे लागले.

११. समस्थानिकांनी वाद मिटवला असं वाचलं. खरं का?

मिटवला नाही, सरकवला. लोखंड आणि ऑक्सिजन यांचे हलके-जड अणू (समस्थानिक) कोणत्या प्रमाणात आहेत हे मॅग्नेटाइट कोणत्या द्रवातून आणि किती तापमानाला तयार झालं यावर अवलंबून असतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्वीडन, चिली आणि इराणमधल्या किरुना प्रकारच्या साठ्यांची तुलना ज्वालामुखी खडकांतल्या मॅग्नेटाइटशी केली गेली. बहुतांश नमुने शिलारसाच्या किंवा शिलारसातूनच सुटलेल्या अतितप्त द्रवाच्या बाजूला पडले. थोडे कमी तापमानाच्या पाण्याच्या बाजूला.

त्या वाक्यातला 'किंवा' नीट वाचा. ८०० अंशांच्या वरचा, क्षारांनी गच्च भरलेला द्रव आणि पाण्याने भरलेला शिलारस यांच्यात समस्थानिक फारसा भेद करत नाहीत. त्यातच धातुकातल्या झिरकॉनमधल्या हाफ्नियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण बाजूच्या खडकांतल्या झिरकॉनपेक्षा वेगळं आहे, म्हणजे लोखंड शेजारच्या खडकातूनच पाझरलं असं म्हणणंही कठीण. माझ्या मते आज एवढं म्हणता येतं: सुरुवात शिलारसाच्या तापमानाला झाली आणि शेवट पाण्याने केला. मधली रेषा कुठे ओढायची, यावरच आता खरं भांडण आहे.

१२. लोखंडाचा लाव्हा वाहिला असा ज्वालामुखी खरंच आहे?

एल लाको, चिलीच्या उत्तरेला अँडीजमध्ये, साडेचार हजार मीटरहून उंच. वय फक्त २० लाख वर्षांच्या आसपास, म्हणून सगळं जागच्या जागी. १९६१ मध्ये चार्ल्स पार्क या भूवैज्ञानिकाने तिथल्या मॅग्नेटाइटचं वर्णन 'प्रवाह' असं केलं. वायूच्या पोकळ्या, नळ्या, सुरकुतलेले पृष्ठभाग, सगळं लाव्हासारखं. विरोधकांचं म्हणणं, हा आधी साधा अँडेसाइटचा लाव्हा होता, गरम वायू आणि पाण्याने त्याच्या जागी मॅग्नेटाइट आणून बसवलं आणि आकार तेवढा जुनाच राहिला. दोन्ही बाजू एकाच दगडाकडे बोट दाखवतात, हे विशेष. डोळ्यांसमोर लोखंडाचा लाव्हा वाहताना अजून कोणी पाहिलेला नाही.

१३. किरुना आणि ऑलिंपिक डॅम एकाच कुटुंबातले का?

मरे हिट्झमन, नेओमी ओरेस्केस आणि मार्को आयनाउडी या भूवैज्ञानिकांनी १९९२ मध्ये दोघांना एका छत्राखाली आणलं. (या ओरेस्केस म्हणजे पुढे विज्ञानाच्या इतिहासकार म्हणून गाजलेल्या त्याच.) ऑलिंपिक डॅम हे धरण नव्हे, दक्षिण ऑस्ट्रेलियातला धातुकाचा साठा, १५९ कोटी वर्षांचा, तिथे मुख्यतः हेमॅटाइट, आणि तांबं, युरेनियम, सोनं. किरुनात तांबं-सोनं जवळजवळ नाही, ॲपाटाइट मात्र भरपूर. खोलवर, जास्त तापमानाला किरुनासारखा भाग आणि वर, थंड होताना ऑलिंपिक डॅमसारखा, अशी एकच शिडी काहीजण मानतात. काही ठिकाणी ते जुळतं. सगळीकडे जुळवायचा हट्ट मात्र नको.

१४. २०२३ मध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं सापडली म्हणून बातमी आली. ती लोखंडात कशी?

लोखंडात नाहीत, ॲपाटाइटमध्ये आहेत. जानेवारी २०२३ मध्ये एलकेएबीने किरुनाजवळच्या पेर गेयर साठ्यात त्यांची ऑक्साइडं १० लाख टनांहून अधिक असल्याचं जाहीर केलं. हो, नाव प्रश्न ६ मधल्या त्याच गेयरचं. ॲपाटाइटच्या जाळीतली कॅल्शियमची जागा या मूलद्रव्यांच्या मापाची असते, म्हणून ती तिथे शिरतात. नंतर गरम पाणी फिरलं की ॲपाटाइट अंशतः विरघळतं आणि पुन्हा जमतं. त्या झटापटीत बाहेर पडलेली मूलद्रव्यं त्याच्या पोटातच मोनाझाइट या खनिजाचे बारीक दाणे होऊन बसतात. 'सापडली' हा शब्द थोडा फसवा आहे. ॲपाटाइटमध्ये ती असतात हे जुनं ज्ञान. नवीन होता तो आकडा आणि बाजारभाव.

१५. गाव हलवावं लागतंय, त्यात भूविज्ञानाचा संबंध काय?

सगळाच. पट्टा गावाच्या दिशेने कललेला आहे (प्रश्न १). खालून धातुक काढलं की वरचा हँगिंग वॉलचा खडक मुद्दाम कोसळू देतात, ही खणण्याची पद्धतच आहे. खाण जितकी खोल जाते तितकी जमिनीवरची भेगांची रेषा गावाकडे सरकते. १९१२ मध्ये पूर्ण झालेलं लाकडी चर्च, वजन ६७२ टन, १९ आणि २० ऑगस्ट २०२५ रोजी चाकांवर चढवून सुमारे ५ किलोमीटर दूर नेलं गेलं. पट्टा पश्चिमेकडे कललेला असता तर ते कदाचित जागीच राहिलं असतं.

१६. हातात नमुना घेऊन हे शिलारसाचं की पाण्याचं, सांगता येईल का?

नाही. फांद्यांसारखे स्फटिक दिसले तर अंदाज, बाकी काळा जड दगडच. सूक्ष्मदर्शकाखाली आणि लेझरने कणाकणातली मूलद्रव्यं मोजून वर्गीकरणाचे आलेख काढतात. पण मॅग्नेटाइट स्वतःही विरघळून पुन्हा जमतं आणि जुन्या खुणा पुसतं. आलेखावरचा एकच ठिपका पाहून ठाम निकाल देणाऱ्यांपासून सावध राहा.

१७. धातुकाला छेदणारा डाइक धातुकापेक्षा जुना निघाला, हे कसं शक्य आहे?

नेमक्या माणसांकडून येणारा नेमका प्रश्न. डाइक म्हणजे खडकाच्या भेगेत घुसलेला शिलारस. तो ज्याला छेदतो त्यापेक्षा तो नंतरचा असलाच पाहिजे. किरुनात धातुकाला छेदणाऱ्या ग्रॅनोफायर या अग्निज खडकाच्या डाइकचं वय १८८ कोटी वर्षं, ३० लाख मागेपुढे, असं १९९० मध्ये आलं. धातुकातल्या झिरकॉनचं वय १८७.७ ते १८७.४ कोटी. म्हणजे डाइक आधीचा?

डोंगरात दिसणारा छेद खोटा असू शकत नाही, तेव्हा आकड्यांकडे बघावं लागतं. एक तर दोन्ही मोजमापांत जेवढी चूक संभवते, त्या पल्ल्यांच्या कडा एकमेकींना स्पर्श करतात. दुसरं, धातुकातला प्रत्येक झिरकॉन मॅग्नेटाइटबरोबरच जन्मला असं नाही. धातुक थिजल्यावर त्यातून फिरणाऱ्या गरम द्रवातही झिरकॉन वाढतो, आणि मग घड्याळ धातुकाची नव्हे तर त्या द्रवाची वेळ दाखवतं.